डाव्या चाकाचा वास

गये, तू आदी फक्त ऐक. मधात "मंग?" म्हणू नको, हसू नको, नाहीतर माझं अर्धं राहून जाईन अन् मंग मी हे जन्मात कोणाले सांगणार नाही. दार लोट बरं. आई मांगच्या अंगणात हाय, तिले ऐकू जाऊ देऊ नको.

तू दसऱ्याले वांकिडीले मामाकडं गेली होती. आल्यावर तुले गावानं काय सांगितलं असन ते मले माहीत हाय. घाटात आमची व्हॅन खडीवर चढली, सारे वाचले, वनीनं वाचवलं. हो नं? तुयी आई बी तेच म्हणत होती, माझ्या गालावरून हात फिरवून. तो हात मले चटका बसल्यावाणी लागला, गये. त्यातलं एक मी कोणालेच सांगितलं नाही. थांब, पह्यल्यापासून सांगते.

नवरात्र बसायच्या आदीपासूनच आमच्या व्हॅनच्या डाव्या पुढच्या चाकातून आवाज येत होता. एक नाही, दोन. ब्रेक दाबला का खर्रर्र, तव्यावर उलथनं ओढल्यासारखं. अन् ब्रेक सोडून गाडी पळाली का घूँऽऽ, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. बाबा म्हणे, "चाकाचा हब गेला." मी म्हणलं, "बाबा, हे दोन वेगळे रोग हायेत. खर्र ब्रेकचं हाय, घूँ हबचं." बाबा हसले. "डाक्टरीणबाई, फी किती?"

इचोड्याच्या मिस्त्रीकडं गेलो तं त्याच्यापुढं पाच गाड्या उभ्या. म्हणे, "अमृतराव, दसऱ्यानंतर या." अन् दसऱ्याले तं सुभद्राताईले निर्मलले सासरी नेऊन सोडायचं होतं. तिले सातवा लागलेला, आठ दिवस माहेरी राहून घेतलं होतं, अन् तिच्या सासूनं निरोप धाडलेला का सणाले सून घरात पाह्यजे. बसमध्ये तिले पाठवायचं नाही, अशी आई अडून बसलेली. त्यात बाबानं टमाट्याचा क्रेट उचलला अन् कंबर धरली. गाडी चालवता येत होती, पण खाली बसता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं.

मंग मी म्हणलं, "मी करते."

तुले माहीत हाय नं, मी पाचवीपासून बाबाले पाने देते. बाबा तोंड उघडायच्या आदी चौदा नंबर माझ्या हातात राह्यते. बाबानं माझ्याकडं पाह्यलं, मंग खाटेवर टेकून बसले अन् म्हणे, "कर. पण ऐकून घे. बिघडवलं तं पुन्हा पाना हातात द्यायचा नाही. अन् निर्मलले जाऊन येऊन ब्रेक नीट राह्यला..." अन् थांबले. "...तं दिवाळीपासून स्टेअरिंग तुझ्या हाती."

स्टेअरिंग, गये! साऱ्या इचोड्यात एक तरी पोरगी चालवते का गाडी? मी त्या रात्री झोपलीच नाही.

नवमीच्या सकाळी अंगणात काम काढलं. मांगच्या चाकांले दगड लावले, नट आदीच ढिले केले, मंग जॅकवर गाडी उचलली. पह्यले हब पाह्यला. चाकाले वरतून अन् खालतून धरायचं अन् हालवायचं. पोकळ हाललं, टकटक वाजलं, तं समजायचं का हब ढिला झाला. आमचं हाललं नाही. मंग चाक हातानं फिरवलं अन् पेचकसाचं टोक आतल्या लोखंडाले लावून मूठ कानाले लावली. आतून बारीक घरघर येत होती, लांब कुठं जातं दळल्यासारखी. बाबा खाटेवरून म्हणे, "बेरिंग कोरडी पडून राह्यली. पण अजून दोन महिने काढते. दिवाळीनंतर नवी टाकू."

मंग चाक काढलं. आत ती चमकती थाळी राह्यते, चाकासंगं फिरते ती. तिले दोहीकडून दोन पॅड चिमटा घेतात, तवा गाडी थांबते. दोन बोल्ट खोलून तो चिमटा वर उचलला, तारेनं बांधून ठेवला, कारण ब्रेकच्या नळीवर लोंबला तं नळी तुटते. अन् पॅड काढून पाह्यतो तं काय! चपलेचा तळ झिजून खिळा पायाले लागावा, तसं नुसतं लोखंड राह्यलेलं. लोखंडावर लोखंड घासत होतं. बाबाले दाखवलं. बाबा जुना पॅड हातात घेऊन कितीतरी वेळ पाहात राह्यले. याच ब्रेकवर ते हप्त्यातून दोनदा निर्मलचा घाट उतरत होते.

नवे पॅड मी कागदातून काढायले गेली तं बाबा ओरडले, "हात! हात पाह्य आदी!" माझ्या हाताले काळं वंगण. "साबणानं धुवून ये. पॅडले तेलाचं बोट जरी लागलं नं वने, पॅड मेला समज. मंग तू ब्रेकवर उभी राह्य का नाच, तो धरत नाही."

हे ध्यानात ठेव, गये. हे मले बाबानं सांगितलं होतं. मले माहीत होतं.

मी हात तीनदा धुतले. दोही बाजूचे पॅड बसवले, नट समोरासमोरचे आवळले, ब्रेकचं पायडल दाबून दाबून घट्ट केलं. बाबा रोडपावतर चक्कर मारून आले. गाडी सरळ रेषेत थांबली. खर्र बंद. घूँ तेवढं राह्यलं होतं. बाबा उतरले अन् एवढंच म्हणे, "हं." बाबाचं "हं" म्हणजे काय ते तुले माहीत हाय.

तवाच देवाजीकाका गोठ्याकडून आले. बाबाचे चुलतभाऊ, पण बाबाहून वीस वर्षानं मोठे. चाळीस वर्ष बैलगाडी हाकली त्यानं, इथून आदिलाबादच्या जिनिंगपावतर कापूस नेला. व्हॅन घेतली तवा बैल विकले, पण गाडी अजून गोठ्यात उभी हाय, अन् दर खांडेनवमीले काका तिच्या चाकांले वंगण देतात. एरंडीचं तेल अन् चुलीची काजळी, बांबूच्या नळ्यात कालवून ठेवलेलं. जी गाडी कुठंच जात नाही, तिच्या चाकाले! आई चिडवते, "भाऊजी, गाडीले तेल अन् माझ्या दिव्याले पाणी." काका नुसते हसतात.

मी शेवटचं म्हणून डावं चाक पुन्हा उचलून फिरवून पाहात होती. घूँऽऽ. काकानं कान दिला. त्याचं तोंडच उतरलं. "पोरी, चाक रडून राह्यलं."

"काका, बेरिंग हाय ते. दिवाळीनंतर बदलू."

"तेल मागते."

"हे चाक बंद राह्यते, काका. याले तेल पाजत नाहीत."

"बरं, बरं," म्हणे. अगदी तसं, लहान पोराले म्हणतात नं, चंद्र मागितल्यावर.

संध्याकाळी पूजा केली. विळे, कुदळ, तराजू, माझे पाने, व्हॅन. हळदकुंकू, लिंबू, झेंडूचा हार. काकानं माझ्या पान्यांले बी कुंकू लावलं तवा मले लय भारी वाटलं.

अन् दसऱ्याच्या सकाळी, उजाडता उजाडता, मी तोंड धुवायले बाहेर आली तं काका व्हॅनच्या डाव्या चाकाजवळ उकिडवे बसलेले. शेजारी पूजेचं ताट. ओठ हालून राह्यले. मले वाटलं, जायच्या आदी पूजा करून राह्यले. म्हातारं माणूस हाय. मी तिकडं गेली नाही. चूळ भरली अन् आत आली.

नऊ वाजता निघालो. बाबा चालवत, ताई पुढं, मांगं मी अन् देवाजीकाका अन् ताईच्या सासरी द्यायचे टमाट्याचे तीन क्रेट. काकाले दसऱ्याच्या दिवशी शीव ओलांडायची राह्यते, म्हणून ते बी आले, धुतलेलं धोतर नेसून, पायात काही नाही. गाडी निघाली अन् घूँ नव्हतं! काकानं माझ्याकडं पाह्यलं अन् डोळे बारीक करून हसले. मले वाटलं, सणाचं म्हणून हसून राह्यले.

इचोड्यात काही झालं नाही. दसरा, रस्ता मोकळा, बाबा आरामात चालवत होते. नेरडीगोंडा गेलं. पुढं गाईंचा एक कळप आडवा आला. बाबानं ब्रेक दाबला.

अन् गाडी उजवीकडं गेली.

लय नाही. एक हात. कोणी मनगट धरून ओढल्यासारखी. बाबानं सावरली, गाई गेल्या. बाबा म्हणे, "नवे पॅड हायेत. दोनचार दिवसात बसतीन. नाही का, वने?"

मी म्हणलं, "हो बाबा."

अन् तवाच वास आला, गये.

जळका वास. पेट्रोलचा नाही, रबराचा नाही. विझवलेल्या दिव्याच्या वातीचा राह्यते नं, तसा. एरंडीचा. मी काकाकडं पाह्यलं. काका खिडकीले डोकं टेकवून पेंगत होते, हात मांडीवर उलटे पडलेले. त्याच्या नखात काळं होतं. अन् त्या काळ्यावर पिवळी हळद.

मले सारंच समजलं. शंका नाही, समजलंच. सकाळी काय करत होते, घूँ काऊन थांबलं, गाडी उजवीकडं काऊन गेली. उजवा ब्रेक धरून राह्यला, डावा नाही. डाव्याले तेल पाजलं.

तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. "बाबा" म्हणायचं होतं, अन् आवाजच नाही निघाला. कारण बाबा थांबवतीन, चाक खोलतीन, अन् पह्यले माझ्याकडं पाह्यतीन. काकाचं नाव कोण घेईन? अन् घेतलं तरी बाबा म्हणतीन, काम तुझ्या हाती होतं, तू झाकून काऊन नाही ठेवलं, तू सकाळी पाह्यलं अन् काकाले इचारलं काऊन नाही. पाना गेला. स्टेअरिंग गेलं. मी मनाले म्हणत होती, जरासंच तेल असन, गरम होऊन जळून जाईन. वास बाहेरून येत असन, कोणी काडीकचरा जाळला असन. त्या पुलाजवळ सांगते. पूल गेला. त्या पळसाजवळ सांगते. पळस गेला. दर मैलाचा दगड माझ्या अंगावर आल्यासारखा येत होता अन् मांगं जात होता, अन् मी दात आवळून बसलेली.

ताई वळली. "वने, गप काऊन? पोट दुखते का?"

"नाही."

"पाह्य नं, लाथा मारून राह्यलं. निर्मलचं दिसते, सण हाय म्हणून घाई करते." तिनं माझा हात मांगून ओढला अन् पोटावर ठेवला. खरंच, आतून टक्‌ टक्‌. माझा हात ताईच्या पोटावर अन् नाकात तो वास. तरी बी मी बोलली नाही, गये. तरी बी नाही.

घाट आला.

तू पाह्यला हाय नं? उतरताना डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी, अन् मधात एवढाच रस्ता, त्यात नागपूरकडं जाणारे लोड भरलेले ट्रक वरती चढून राह्यले. पह्यलं वळण बाबानं गिअरवरच काढलं. दुसरं बी. वास आता एवढा, का ताई नाकाले पदर लावून म्हणे, "काय जळते हो बाबा?"

बाबा म्हणे, "पुढच्या ट्रकचं असन."

पुढच्या ट्रकनं लाल दिवा लावला, हळू झाला. बाबानं ब्रेक दाबला. जोरात.

गये, गाडीनं फेकलंच आमाले उजवीकडं. मी काकाच्या अंगावर, क्रेट माझ्या अंगावर. समोर काचेत फक्त ट्रकचं तोंड, वरती येणाऱ्या. त्याचा हॉर्न माझ्या छातीत वाजला. अन् बाबा, कोणी बी करन तसं, ब्रेक अजून दाबून राह्यले, अन् जेवढा दाबतात तेवढी गाडी ट्रकाकडं, दरीकडं.

तवा माझा आवाज फुटला. "बाबा, ब्रेक सोडा! सोडा! डाव्याले तेल हाय! दाबू नका!"

बाबानं पाय उचलला. काऊन उचलला, देव जाणे. माझ्यावर भरोसा म्हणून. स्टेअरिंग डावीकडं तोडलं अन् ट्रक बाजूनं गेला, असा, एवढ्यावरून. आमचा आरसा घेऊन गेला. त्याचा ड्रायव्हर ओरडला, "मरना है क्या!" अन् मंग तेलुगूत आईवरून काहीतरी.

पण सुटलो कुठं? पुढचा ट्रक तवर निघून गेला होता, पण उतार होता. गाडी धावून राह्यली, अन् ब्रेक दाबायचा नाही. बाबानं हँडब्रेक ओढला, दुसरा गिअर टाकला, मंग पह्यला, इंजिन गाय हंबरावी तसं. पुढं वळण. वळणाले कठडा, कमरेएवढा, अन् कठड्याच्या पलीकडं झाडांचे नुसते शेंडे. ताई ओरडत नव्हती. तिनं दोही हात पोटावर ठेवले अन् डोळे मिटले. मले तिचं न ओरडणं अजून ऐकू येते.

डोंगराच्या बाजूनं रस्तेवाल्यांचा खडीचा ढीग होता. बाबानं गाडी त्यात घातली. खस्स्‌स्‌. पुढचं तोंड वर चढलं, थांबलं. टमाटे साऱ्या गाडीभर. इंजिन बंद. अन् मंग काहीच आवाज नाही. खडीचे दोनचार दगड घरंगळले तेवढे.

"ताई?"

बोले ना.

"ताई! ताई, बोल नं वं!"

तिच्या मांडीवर लाल लाल पाहून माझं काळीज फाटलं. टमाटा होता, गये. फुटलेला टमाटा. पण मले ते समजेलोक मी काय झाली होती ते मलेच ठाऊक. लय वेळानं ती म्हणाली, "हालून राह्यलं. बाळ हालून राह्यलं." अन् मंग रडली. बाबाचे हात स्टेअरिंगवरून सुटतच नव्हते. मी एक एक बोट सोडवलं.

मंग बाबा म्हणे, हळूच, "तेल? कोणतं तेल?"

मी काही बोलायच्या आदी काका खाली उतरले. डाव्या चाकाजवळ गेले, आत बोट घातलं, नाकाले लावलं. अन् रस्त्यावरच मटकन खाली बसले, धुतलेल्या धोतरासकट.

"अमृता, मी घातलं. सकाळी. चाकाची टोपी काढून नळ्यातलं वंगण ओतलं. चाक रडत होतं, अमृता."

बाबा रागावले असते तं बरं झालं असतं. बाबा कंबर धरून त्याच्याजवळ गेले अन् म्हणे, "दादा, उठा. गाड्या येऊन राह्यल्या."

आता करायचं काय? मांगं वळवायची म्हणलं तं वळणावर गाडी आडवी घालावी लागते. दोन बसगाड्यांले हात केला, दोही थांबल्या नाहीत, दसऱ्याच्या गर्दीनं लोंबलेल्या. खाली सपाटीपावतर दीड-दोन मैल राह्यले होते. बाबानं माझ्याकडं पाह्यलं. "वने, करशील?"

मी पाना अन् जॅक काढला. गाडी पुढून खडीत रुतलेली, पुढं जाऊ शकत नव्हती, म्हणून जॅक लावता आला. चाक काढलं. आतली थाळी, जी मी काल चमकती पाह्यली होती, भजे काढलेल्या कढईसारखी काळी, चिकट, धूर निघून राह्यला. थाळी निवली तवा मी नळीनं पेट्रोल ओढलं, अर्धं पोटात गेलं, थुंकली, ओढलं. थाळी पुसली, तीन फडके काळे केले, त्यातला एक ताईचा रुमाल. पॅड काढून रस्त्यावर घासले, वरची साल निघेलोक. पण नवा पॅड तेल आत पितो, गये. स्पंजसारखा. बाबा म्हणे, "धरन का?"

मी म्हणलं, "थोडा धरन. भरोसा नका ठेवू." पह्यल्यांदा त्या दिवशी खरं बोलली मी.

मंग काका उठले. डोळे पुसले अन् रस्त्याच्या कडेनं एक दगड शोधून आणला, पाट्याएवढा. म्हणे, "सारे उतरा. अमृता, तू एकटा बस. पह्यल्या गिअरात सोड. बैलं थकले का गाडी अशीच उतरवतात. मले येते."

गाडी खडीतून मांगं काढली अन् तसंच उतरवली. बाबा एकटे आत, मी ताईले धरून मांगून, अन् काका डाव्या चाकासंगं, अनवाणी, कमरेत वाकून, दगड घेऊन. गाडी जराशी पळाली का दगड चाकापुढं. धप्प. थांबली का दगड उचलायचा, चार पावलं, पुन्हा. सत्तरीचं माणूस. ट्रकवाले शिव्या देत बाजूनं जात. बाबा आतून ओरडत, "दादा, पाय सांभाळा!" एकदा दगड वेळेवर पडला, पण पाय वेळेवर निघाला नाही. अंगठा चेंदला. काका "अं" बी नाही म्हणाले. त्याच्यामांगं रस्त्यावर लाल ठिपके पडत गेले, अन् मी अन् ताई त्या ठिपक्यांवरून चालत होतो. दर वळणावर मले वाटे, आता सुटते. आता सुटते गाडी, बाबाले घेऊन.

दोन वाजता सपाटी आली.

बाबा उतरले अन् सरळ माझ्याकडं आले. डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू ओरडली नसती तं मी ब्रेक सोडला नसता. संपलो असतो सारे." अन् मंग म्हणे, "पण तेल हाय हे तुले समजलं कसं?"

"वास आला, बाबा."

"कवा?"

गये, त्यानं "कवा" इचारलं. सहजच. शंका नव्हती त्याच्या डोळ्यात.

मी म्हणलं, "तवाच." त्याले वाटलं, ओरडली तवा.

बस. एक शब्द. तवाच.

त्याले आता सोळा दिवस झाले. बाबानं साऱ्या इचोड्यात सांगितलं, माझ्या वनीनं नाकानं ओळखलं अन् ऐन टायमाले ओरडली. मिस्त्रीनं नवे पॅड फुकट बसवून दिले, मले म्हणे, "वनाबाई, दुकानात येऊन बसत जा." ताईच्या सासूनं मले लुगडं दिलं. अन् काका? काकानं तो बांबूचा नळा चुलीत घातला. व्हॅनमध्ये बसत नाहीत. त्या बैलगाडीकडं बी जात नाहीत. जो येईन त्याले स्वतः सांगतात, "मी मारलंच होतं चार जीवाले, पाचवा पोटातला, पण पोरीनं वाचवलं." अन् मी समोर गेली का ते मले हात जोडतात. मले! अंगठ्याले पट्टी बांधलेली, खाटेवर उठून बसतात अन् हात जोडतात. मी आजकाल मांगच्या दारानं येते-जाते.

अन् परवा धनतेरस हाय. बाबानं चाबीले नवीन गोंडा लावून ठेवला. म्हणे, पूजा झाली का तूच काढशील गाडी बाहेर.

मी स्वप्नात ते सारं पुन्हा पाह्यते. पण घाट नाही दिसत मले, गये. ट्रक बी नाही. मले त्या गाई दिसतात. गाई गेल्या, रस्ता मोकळा झाला, बाबा म्हणे "नाही का, वने?", अन् नाकात वास. अन् माझं तोंड उघडं. तेवढ्यातच जाग येते.

आता बोल. आता तू बोलू शकते. पण मले बरं वाटावं म्हणून बोलू नको. तुया बापानं पह्यल्यांदा तुयावर भरोसा टाकला असता, अन् त्या गाई गेल्यावर तो वास तुया नाकात आला असता, तं खरं सांग, गये, तू काय केलं असतं?